मन पूर्ण शुद्ध नसेल तर अर्पण थांबवावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रविवारी अर्पणाची थैली जवळ आली की तुमचं लक्ष देवापेक्षा शेजारी कोण बसलंय इकडेच जास्त जातं. उपासनामंदिराच्या छपराच्या दुरुस्तीसाठी तुम्ही बरीच मोठी रक्कम दिलीत. उपकारस्तुतीच्या वेळी देणाऱ्यांची नावं वाचली गेली, त्यात तुमचं नाव राहून गेलं, आणि तो राग अजून मनातून गेलेला नाही. त्यामुळे आजवरचं आपलं सगळं देणं ढोंगच होतं असं तुम्हाला वाटू लागलंय. म्हणून तुम्ही विचारता की मन शुद्ध होईपर्यंत अर्पण बंद ठेवू का, की यापुढे सगळं गुप्तपणे देऊ? आणि शेवटी, दशमांश, म्हणजे देवासाठी काढायचा मिळकतीचा दहावा भाग, एकूण पगारावर काढायचा की हातात येतो त्यावर?

मी बरीच वर्षं पाळक म्हणून सेवा करतो आहे. असा प्रश्न खाजगीत अनेकांनी विचारला आहे, पण नाव राहून गेल्याचा राग इतक्या सरळपणे फार थोडे लोक सांगतात. ज्याला स्वतःचं ढोंग दिसतं आणि त्याचा त्रास होतो, त्याचं मन अजून जिवंत आहे. तिथूनच सुरुवात करू.

अर्पण थांबवू नका. हे माझं स्पष्ट मत आहे आणि त्यामागचं कारणही सांगतो. मन आधी स्वच्छ करायचं आणि मग द्यायचं, असा क्रम लावला तर ती वेळ कधीच येत नाही, कारण स्वच्छ झालं की नाही हे तपासणारं मनही तेच असतं. अर्पण थांबवून बसलेल्यांना मी पाहिलं आहे. सुरुवातीला खरंच पश्चात्ताप असतो, काही महिन्यांनी नुसती सवय मोडलेली असते, आणि पुढे तर ‘मी ढोंग करत नाही’ याचाच एक वेगळा अभिमान तयार होतो. आणि तुमच्या अर्पणावर कुणाचं तरी औषध, कुणाची तरी फी अवलंबून असते. तुमचं अंतःकरण निर्मळ होण्याची वाट त्या माणसाने का पाहायची?

अर्पण अर्ध्यावर सोडून जायला प्रभू येशूने एका ठिकाणी सांगितलं आहे, ते ठिकाण नीट पाहण्यासारखं आहे. मत्तय 5:23-24 मध्ये तो म्हणतो की वेदीजवळ अर्पण आणलं असता, आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, जाऊन आधी त्याच्याशी समेट कर आणि मग येऊन अर्पण कर. इथे थांबायचं कारण आपल्या हेतूंची भेसळ नाही. कुणीतरी दुखावलेलं आहे, हे कारण आहे. आणि थांबणंही तेवढ्यापुरतंच आहे, कारण शेवटी परत येऊन अर्पण करायला तो सांगतोच. तेव्हा छपराच्या प्रकरणात नावं वाचणाऱ्या पंचांना किंवा खजिनदारांना तुम्ही काही टाकून बोलला असाल, त्यांच्याशी बोलणं सोडलं असेल, तर तिकडे आधी जा. स्वतःच्या मनाचा तपास करत बसण्यापेक्षा ते काम जास्त निकडीचं आहे. दुसरी एक परिस्थिती म्हणजे पैसा कुणाचा हक्क मारून आलेला असेल, कुणाची मजुरी थकवून ठेवली असेल. जक्कय नावाच्या जकातदाराने अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचं म्हटलं, पण त्याच दमात अन्यायाने घेतलेलं चौपट परत करण्याचंही म्हटलं (लूक 19:8). अशा वेळी थैलीत टाकण्याआधी ज्याचं त्याला द्यायचं.

आता गुप्तपणाबद्दल. मत्तय 6:1-4 तुम्हाला ठाऊक आहेच. लोकांनी पाहावं म्हणून धर्माचरण करू नका, पुढे कर्णा वाजवू नका, उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नका. पण त्याच प्रवचनात थोडं आधी, मत्तय 5:16 मध्ये, तुमची सत्कर्मं लोकांना दिसू द्या म्हणजे ते तुमच्या स्वर्गातील पित्याचा गौरव करतील, असंही तोच म्हणतो. ही दोन वचनं एकमेकांना छेद देत नाहीत. दोन्हीकडे मुद्दा असा आहे की बघणाऱ्याच्या तोंडून शेवटी कुणाचं नाव निघतं. मी मंडळीत असा ठोकताळा लावतो: ज्याला दिसण्याची ओढ आहे त्याने काही काळ लपून द्यावं, आणि ज्याला आपला विश्वास चारचौघांत उघड करायला संकोच वाटतो त्याने एखाद्या वेळी उघड द्यावं. तुम्ही पहिल्या गटात आहात असं तुमच्याच पत्रावरून दिसतं. म्हणून तुमच्यासाठी सध्या गुप्त देणं बरं. सगळ्यांसाठी तो नियम आहे असं मी म्हणणार नाही.

मात्र गुप्त देण्यानेच मन नम्र होतं असं समजू नका. ‘मी किती दिलं ते कुणालाच माहीत नाही’ हे वाक्य माणूस स्वतःलाच दिवसातून अनेकदा सांगू शकतो, आणि तेवढा एक श्रोता त्याला पुरतो. डाव्या हाताला कळू देऊ नका, यात मला हेच दिसतं. हे देणं माझ्याही हिशेबात जमा होऊ नये, मी त्याच्याकडे वळून वळून पाहू नये. दिलं की संपलं.

उघडपणे दिलेलं सगळं खोटं, ही भीतीही काढून टाका. बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात चौथ्या अध्यायाच्या शेवटी कुप्र बेटाचा योसेफ, ज्याला प्रेषितांनी बर्णबा हे नाव दिलं, त्याने शेत विकून पैसे प्रेषितांच्या पायाशी आणून ठेवले. नाव, गाव, काय विकलं, सगळं लिहून ठेवलेलं आहे, आणि त्यात दोष काढलेला नाही. लगेच पुढच्या अध्यायात हनन्या आणि सप्पीरा येतात. त्यांनीही मालमत्ता विकली, त्यांनीही पैसे आणून ठेवले, फक्त काही भाग मागे ठेवून सगळंच आणल्याचा देखावा केला. प्रेषित पेत्र त्यांना काय विचारतो ते वाचा. विकण्याआधी ती जागा तुझीच होती ना? विकल्यावरही पैसे तुझ्याच हातात होते ना? म्हणजे कमी दिल्याबद्दल तो त्यांना बोलत नाही. अर्धं देऊन अर्धं दिलं असं ते सांगू शकले असते, आणि कुणी त्यांना नावं ठेवली नसती. पाप होतं ते देवाच्या आणि मंडळीच्या तोंडावर खोटं बोलण्याचं. तुम्ही मोठी रक्कम दिलीत, ती खरोखर दिलीत, आणि वर कौतुकाची इच्छा धरलीत. हनन्याची गोष्ट तुम्हाला लागू होत नाही. तुमचा आजार वेगळा आहे आणि बराच सामान्य आहे.

त्या आजारावर माझ्या वाचनात विधवेच्या दोन टोल्यांइतकं दुसरं काही कामाला आलेलं नाही (मार्क 12:41-44). श्रीमंत लोक पुष्कळ टाकत असताना एका गरीब विधवेने मंदिराच्या दानपेटीत आपल्याजवळची होती नव्हती ती दोन नाणी टाकली, आणि तिने सगळ्यांपेक्षा जास्त टाकलं असं येशू म्हणाला. ही गोष्ट आपण इतकी ऐकलेली असते की तिच्यातलं पुष्कळ नजरेतून सुटतं. यरुशलेमच्या मंदिरात स्त्रियांच्या अंगणापर्यंत बायकांना येता येत असे. इ.स. 200 च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी संग्रहात मंदिरातल्या 13 दानपेट्यांचा उल्लेख आहे. त्यांचा आकार कर्ण्यासारखा होता. धातूची नाणी पडताना आवाज येणारच. दोन टोल्या म्हणजे त्या काळातली सगळ्यात लहान दोन तांब्याची नाणी. मजुराच्या एका दिवसाच्या मजुरीचा, म्हणजे एका दीनाराचा, सुमारे 64वा भाग. ती दोन होती हेही महत्त्वाचं आहे, कारण एक ठेवून एक टाकता आलं असतं. कुणी काही म्हणालं नसतं.

पण मला या गोष्टीत सगळ्यात जास्त थांबायला लावतं ते वेगळंच आहे. येशूने तिचं एवढं कौतुक केलं, ते तिला सांगितल्याचं कुठेही लिहिलेलं नाही. त्याने शिष्यांना जवळ बोलावलं आणि त्यांना सांगितलं. शास्त्रात जेवढं आहे त्यावरून ती आली, नाणी टाकली आणि निघून गेली. तिचं नाव आजही कुणाला माहीत नाही. मंडळीच्या यादीत नाव राहून गेलेल्या माणसाने ही गोष्ट एकदा तेवढ्याच दृष्टीने वाचावी. प्रभूने पाहिलं आणि तिला ते कळलंही नाही. तरी तिच्या देण्यात काही कमी राहिलं का?

इथे एक सावधगिरीही सांगायलाच हवी, कारण याच उताऱ्याचा फार गैरवापर होतो. त्याच्या अगदी आधीच्या वचनात विधवांची घरं गिळंकृत करणाऱ्या शास्त्र्यांना येशू खडसावतो, आणि पुढच्याच अध्यायात त्या भव्य मंदिराचा दगडावर दगड राहणार नाही असं म्हणतो. तेव्हा गरिबाने शेवटचा पैसा टाकलाच पाहिजे, असा हुकूम या गोष्टीतून काढणाऱ्या पाळकापासून दूर राहा. तिचं अंतःकरण सुंदर होतं. तिला तेवढंच उरावं अशी व्यवस्था मात्र सुंदर नव्हती.

नम्रता कुठून येते, याचं मला पटलेलं उत्तर दावीद राजाच्या शेवटच्या काळातल्या प्रार्थनेत आहे. मंदिराच्या बांधकामासाठी त्याने स्वतःच्या खजिन्यातून 3000 किक्कार (वजनाचं एक जुनं माप) ओफीरचं सोनं आणि 7000 किक्कार रुपं दिलं, आणि हे त्याने सगळ्या समाजासमोर आकड्यांसह सांगितलं (1 इतिहास 29). ही रक्कम लहान नव्हती, देणंही गुप्त नव्हतं. आणि तरी लगेच पुढे तो देवाला विचारतो, मी कोण, माझे लोक कोण, की आम्हाला असं स्वखुशीने द्यायला मिळावं? सगळं तुझ्याकडूनच आलेलं आहे, तुझ्याच हातचं आम्ही तुला दिलं आहे. हे मनापासून पटलेला माणूस आपल्या अर्पणाची बढाई मारूच शकत नाही. बँकेतला रोखपाल खातेदाराचे पैसे मोजून देतो, तेव्हा आपण दानधर्म केला असं त्याला वाटत नाही. तुमच्या मनात ज्या क्षणी ‘माझे पैसे’ हे शब्द येतात, त्या क्षणी नाव वाचलं जाण्याची अपेक्षा मागोमाग येते. म्हणून अर्पण करताना मनातली स्तुतीची भूक थेट दाबत बसण्यापेक्षा, देण्याआधी थोडा वेळ हे कुठून आलं याची आठवण करा. नोकरी, तब्येत, शिकवणारे, वेळेला मदतीला धावलेली माणसं. मी स्वतः हेच करतो, आणि लोकांना सांगण्यासारखं मला दुसरं काही सापडलेलं नाही.

नम्रतेची खरी परीक्षा थैली फिरते तेव्हा होत नाही, ती नंतर होते. आमच्याकडे एका सभासदाने काही बाक दिले आणि पाठीमागे आपलं नाव रंगवून घेतलं. पुढे मुलांच्या वर्गासाठी त्यातला एक बाक आम्ही आतल्या खोलीत हलवला. ते उपासना संपल्यावर माझ्याकडे आले आणि म्हणाले, “पाळकसाहेब, माझा बाक कुणाला विचारून हलवला?” माणूस चांगला, देणंही चांगलं, पण बाक मनाने अजून त्यांच्याच घरी होता. तुम्हीही हे पाहा. पुढच्या मंडळीच्या बैठकीत तुमचं मत डावललं गेलं तर ‘एवढं दिलं मी’ असं आतून येतं का? पाळकाने तुमच्या घरी जास्त वेळा यावं असं वाटतं का? दिलेल्या पैशांनी छपराऐवजी आधी पायऱ्या दुरुस्त केल्या तर चालेल का? याकोबाच्या पत्रात (2:2-4) सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा आणि गरिबाला पायाशी बसवणाऱ्या मंडळीला दटावलं आहे. तिथे दोष बसवणाऱ्याचा आहे, पण तशी जागा मिळावी अशी अपेक्षा धरणाऱ्यालाही त्यात ऐकण्यासारखं आहे.

आता प्रत्यक्षात काय करायचं. किती द्यायचं ते घरीच, थैली समोर येण्याच्या पुष्कळ आधी ठरवा. प्रेषित पौल करिंथकरांना आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपापल्या मिळकतीप्रमाणे बाजूला काढून ठेवायला सांगतो (1 करिंथ 16:2), आणि पुढे प्रत्येकाने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, खेदाने किंवा भाग पडतं म्हणून नाही, असं लिहितो (2 करिंथ 9:7). शेजारच्याने काय टाकलं ते पाहून पाकिटात हात घालणारा माणूस शेजाऱ्याला अर्पण करत असतो. आधी ठरलेलं असलं की शेजारी कोण आहे याला अर्थच उरत नाही. शक्य असेल तर नेहमीचं अर्पण थेट खात्यात जमा करा आणि थैली हलकेच पुढे द्या. लोकांना वाटेल तुम्ही काही टाकलं नाही. वाटू द्या. तुमच्या आजारावर ते औषध आहे, आणि सुरुवातीला ते कडू लागेल.

त्याशिवाय काही भाग असा द्या की जिथे तुम्हाला कुणी ओळखत नाही, जिथून आभाराचं पत्र येणार नाही, जिथल्या माणसांना तुम्ही कधी भेटणार नाही. मिश्नामध्ये मंदिरातल्या एका गुप्त खोलीचाही उल्लेख आहे. तिथे लोक गुपचूप दान ठेवत, आणि चांगल्या घरातले गरीब गुपचूप त्यातून घेत. घेणाऱ्याची लाज राखणं हाही गुप्त देण्याचा हेतू आहे, हे आपण विसरतो. आपण बहुतेक वेळा फक्त आपल्याच नम्रतेचा विचार करत बसतो.

पण गुप्तता म्हणजे हिशेबातून लपवणं नव्हे. पावती घ्या, खजिनदाराला माहीत असू द्या, मंडळीचे हिशेब तपासले जाऊ द्या. यरुशलेमच्या गरिबांसाठी जमवलेले पैसे नेताना पौलाने तीताबरोबर दुसरे बंधूही पाठवले, म्हणजे कुणाला बोट ठेवायला जागा राहू नये (2 करिंथ 8:16-21). आमच्याकडे अर्पण मोजायला कधीच एकटा माणूस बसत नाही. एक मोजतो, दुसरा लिहितो. त्या टेबलावर बसलात तर दिसेल की काही नोटा इतक्या बारीक घड्या घालून आलेल्या असतात की नखाने उकलाव्या लागतात. देणाऱ्याला रक्कम दिसू द्यायची नसते. कधी लहान आहे म्हणून, कधी मोठी आहे म्हणून. मोजणाऱ्याला ते कळत नाही आणि कळायची गरजही नाही. वहीत फक्त एकूण बेरीज जाते.

नावं वाचण्याबद्दल मंडळ्यांच्या रीती वेगवेगळ्या आहेत, त्यामुळे तुमच्या पंचांना मी इथून चूक म्हणणार नाही. मी स्वतः फक्त एकूण जमा वाचतो, कारण नावं वाचली की थोडं देणाऱ्याची मान खाली जाते, हे मी समोरून पाहिलेलं आहे. तुम्हाला वाटलं तर ही सूचना तुम्ही पंचांकडे मांडू शकता, पण आत्ता नको. आत्ता मांडलीत तर तुमच्या रागाला तत्त्वाचा पोशाख चढेल. राग निवळू द्या, वर्षभराने मांडा.

रागाचं काय करायचं, तर देवाला सरळ सांगा: मला माझं नाव ऐकायचं होतं, ते ऐकायला मिळालं नाही म्हणून मी चिडलो आहे किंवा चिडले आहे. लूक 18 मधला परूशी, म्हणजे धर्माचे नियम काटेकोर पाळणाऱ्या पंथातला माणूस, आपल्या प्रार्थनेत आठवड्यातले दोन उपास आणि सगळ्या मिळकतीचा दशमांश मोजून दाखवतो, जकातदार दूर उभा राहून फक्त दया मागतो. परूशी खोटं बोलत नव्हता, तो खरंच देत होता. पण देवापुढे उभं राहताना त्याची नजर जकातदारावर होती. तुम्ही देवापुढे तुमची खरी गोष्ट सांगितलीत तर जकातदाराच्या शेजारी उभे राहाल. आणि हे मंडळीसमोर साक्ष म्हणून सांगायला जाऊ नका, निदान एवढ्यात तरी नाही. ‘बघा, मी किती प्रामाणिक’ असा पुन्हा एक मंच त्यातून तयार होतो. एखाद्या जवळच्या, तोंड बंद ठेवणाऱ्या विश्वासू माणसाला सांगितलंत तर पुरे.

शेवटी दशमांश एकूण पगारावर की हातात येतो त्यावर. इथे खरंच परिस्थितीवर अवलंबून आहे. नव्या करारात मंडळीला टक्का ठरवून दिलेला नाही. सगळा दशमांश भांडारात आणा, हे मलाखी 3:10 मधलं वचन इस्राएलला, मंदिराच्या भांडाराच्या संदर्भात सांगितलेलं आहे. बऱ्याच मंडळ्या दशमांश ही चांगली शिस्त म्हणून शिकवतात आणि मलाही ती सुरुवातीसाठी चांगली वाटते. पण पुदिना, शेप आणि जिऱ्याचा दशमांश काटेकोर देऊन न्याय आणि दया सोडणाऱ्यांना येशूने काय म्हटलं ते मत्तय 23:23 मध्ये आहे. कर्जाचे हप्ते थकले असतील, आईवडिलांचं औषधपाणी तुमच्यावर असेल, तर आधी ते पाहा. देवाला वाहिलं असं सांगून आईबापांना मदत नाकारण्याची वाट येशूने बंद केली आहे (मार्क 7:9-13). 2 करिंथ 8:12 मध्ये पौल लिहितो की मनाची तयारी असली की जवळ जे आहे त्याप्रमाणे ते मान्य होतं, जे नाही त्याप्रमाणे नव्हे. तुम्ही विवाहित असाल तर आकडा जोडीदाराबरोबर बसून ठरवा. घरात एकाने गुपचूप देऊन दुसऱ्याने ओढाताण सोसायची, हे गुप्त दान होत नाही. माझा सल्ला विचाराल तर हातात येणाऱ्या रकमेवरून सुरुवात करा, सहा महिने तेवढंच नियमित द्या, आणि मग वाढवायचं की नाही ते पाहा. आणि या रविवारी अर्पण नेहमीसारखंच करा, थैली समोर येईल तेव्हा राग पूर्ण गेलेला नसला तरीही.